दोघींसाठी वर केलेला हात

लोक मला म्हणतात, "मॅडम, तुम्ही एवढ्या मुली शिकवल्या, केवढं पुण्य कमावलंत!" पुण्य कसलं डोंबलाचं. मी हसते आणि चहा टाकायला उठते. मी मास्तरीण झाले ती दुसऱ्या एकीच्या जागेवर बसून झाले, आणि हे मी आजवर कोणाला बोलले नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तो बिचारा मला फार सरळ समजत गेला. आता सांगून टाकते, कारण मला रागावू शकेल असं कोणी मागे उरलेलं नाही.

आम्ही इंदूरला फौजेच्या लायनीत राहायचो. लायन म्हणजे एकाला एक चिकटलेल्या वीस-बावीस खोल्या, पुढे सगळ्यांचा मिळून एक ओटा आणि टोकाला एक नळ. संस्थानच्या काळात तिथे रिसाल्यातली, म्हणजे घोडदळातली, आणि बँडातली मराठी माणसं राहायची. संस्थान गेलं, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं, फौज मोडली, पण माणसं तिथंच राहिली. जाणार कुठे? माझे बाबा रिसाल्यात दफेदार होते. घोडा गेला आणि ते पोलोग्राउंडकडे एका कारखान्याच्या फाटकावर चौकीदार झाले. तिथंही असे ताठ उभे राहायचे की जणू आतून स्वारीच निघणार आहे. राजधानी सहा महिने इंदूरला असायची, सहा महिने ग्वाल्हेरला. बाबांच्या अर्जाचे कागदही तिच्या मागे हिंडायचे. संध्याकाळी लायनीतले पुरुष प्यायचे आणि गेलेल्या राज्याच्या गप्पा मारायचे. बायका दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला जायच्या आणि शेजारच्या लायनीत ते कळू द्यायच्या नाहीत.

आमच्या भिंतीला भिंत लागून ती राहायची. माझ्याच वयाची, माझ्याच वर्गात. आईबाप लहानपणी गेलेले, काका-काकूंनी सांभाळलेली. काका संस्थानच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. आता लग्नाच्या वरातीत वाजवायला लागले होते आणि त्या शरमेनं घरात कोणाशी बोलत नसत. काकूला स्वतःची चार लहान पोरं. ती वाईट बाई नव्हती, उगीच कशाला खोटं बोलू, थकलेली होती. पण थकलेल्या बाईच्या हाताखाली फुकटची पोर सापडली की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि तरी ती शाळेत यायची. येत होती ती बाईंमुळे.

आता या बाई कोण, ते सांगायला हवं, कारण आजच्या मुलींना ते खरंही वाटणार नाही. त्या काळी मुलींच्या सरकारी शाळेत मुलींना घरून बोलावून आणायला एक बाई ठेवलेली असे. बुलावेवाली बाई. शिकवणाऱ्या त्या बहेनजी, आणि या नुसत्या बाई. सकाळी त्या वस्तीवस्तीतून निघायच्या, दारोदार हाक मारायच्या आणि वीस-पंचवीस मुलींचा घोळका घेऊन मिलच्या फाटकावरून शाळेत पोचायच्या. संध्याकाळी तशाच परत, ज्याची मुलगी त्याच्या दारात. भल्या घरच्या मुली एकट्या रस्त्यानं जायच्या नाहीत. बाई असली म्हणजे लोकांची हरकत नसे.

आमच्या बाई पन्नाशीच्या. नवरा फौजेत होता, लढाईवर गेला तो आलाच नाही. पांढरं नऊवारी, पायात पुरुषी वहाणा, आणि खांद्यावरून तिरपा पट्टा, त्यावर संस्थानचा पितळी बिल्ला. मध्यभारत झाल्यावर तो बिल्ला काढून घेतला, आणि नवा काही ग्वाल्हेरहून आलाच नाही. बाई तरीही रिकामा पट्टा घालूनच यायच्या. आमच्या लायनीतल्या माणसांना तेवढा पुरायचा. सरकारी माणूस दारात आला की त्याला 'या, बसा' म्हणायचं आणि तो सांगेल ते ऐकायचं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं होतं.

काकूचं रोजचं ठरलेलं. "आज नाही जायची ती. गहू निवडायचेत, दळण आणायचंय."

बाई वाद घालत नसत. "हौ का? आणा की मग सूप इकडं," असं म्हणून ओट्यावर फतकल मारायच्या आणि काकूचे गहू निवडायला लागायच्या. रस्त्यात पंधरा मुली ताटकळतायत, शाळेची घंटा व्हायला आलीय, आणि या आपल्या निवांत खडे वेचतायत. काकू घायकुतीला यायची. सरकारी माणूस आपल्या ओट्यावर बसून आपले गहू निवडतंय, शेजारीपाजारी बघतायत! पाच मिनिटांत ती पोरीला बाहेर ढकलायची. "जा बाई, घेऊन जा हिला एकदाची!" बाई उठून लुगडं झटकायच्या आणि म्हणायच्या, "उरलेले संध्याकाळी निवडते हं." आणि खरंच निवडायच्या.

माझ्यासाठीही कमी केलं नाही त्यांनी. एकदा बाबांनी दारूच्या भरात मला मारलं होतं. सकाळी मी डोळे सुजवून दारात आले. बाईंनी विचारलं नाही काही. शाळेपर्यंत माझ्या डोक्यावर हात ठेवून चालल्या. वाटेत पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून दिला. संध्याकाळी मला सोडायला आल्या तेव्हा मात्र बाबांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दफेदारसाहेब, घोड्यालासुद्धा तोंडावर मारत नाहीत ना?" बाबा खाली बघत राहिले. पुन्हा त्यांनी मला हात लावला नाही. वस्तीतल्या पोरीला पुस्तकाआधी काय लागतं, हे मी पुढे नोकरीत शेकडो मुलींकडे बघून शिकले, पण तेव्हा ते मला फुकट मिळत होतं. रोज एका मोठ्या माणसानं आपली मोजदाद करावी, नाही आलो तर का नाही आलीस म्हणून दारात येऊन उभं राहावं. बस, एवढंच लागतं.

आम्ही आठवीत गेलो. आठवीला मिडलची परीक्षा असायची. मिडल पास झालेल्या मुलीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घेत. तिथंच राहणं, तिथंच जेवण, आणि पुढे नोकरी. बाईंनी हे सगळं विचारून ठेवलं होतं, तिच्यासाठी. माझ्यासाठी नव्हे, मला घर होतं. काकूकडे धारचं एक बिजवराचं स्थळ येऊन पडलं होतं, माणूस तिशीच्या पुढचा. बाईंनी काकूकडून कबूल करून घेतलं होतं की मिडल होईपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही. "पोरगी रोज शाळेत जातेय तोवर मी गप्प," काकू म्हणाली होती. "शाळा सुटली की मग मी कोणाचं ऐकणार नाही."

तर असं होतं. ती रोज शाळेत जाणं, यावर तिचं सगळं टांगलेलं होतं. तिला ठाऊक होतं, बाईंना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पण मला तेव्हा शिंगं फुटली होती. वर्गात काही मुली टांग्यातून यायच्या, त्यांचे वडील कचेरीत मोठे अंमलदार. आम्ही बाईंच्या मागून रांगेनं आत आलो की त्यांच्यातली एक हळूच म्हणायची, "आला कळप." दुसरी जीभ टाळ्याला लावून गुरं हाकल्यासारखा आवाज काढायची. पहिलीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांबरोबर आपणही हाकलले जातो, चौदा वर्षांच्या घोड्या! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिला काहीच वाटत नसे. "म्हणू दे गं. त्यांना टांगा आणतो, आपल्याला बाई आणतात," ती म्हणायची. मला तिचाही राग यायचा.

त्या वर्षी वरून कागद आला की शाळेला दोन बुलावेवाल्या नकोत, एक पुरे. दुसरी म्हातारी होती, तिला काढलं आणि तिच्या वस्त्याही आमच्या बाईंच्या गळ्यात पडल्या. एक माणूस किती दारं करणार? म्हणून मोठ्या बहेनजी आठवीच्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "ज्या मुली आता आपापल्या येऊ शकतात त्यांनी हात वर करा. एका गल्लीतल्या दोघी असतील तर बरंच, सोबत होईल."

मी हात वर केला. वर्गात सगळ्यांत आधी.

"तुझ्या लायनीत अजून एक आहे ना?" बहेनजींनी विचारलं. ती त्या दिवशी आली नव्हती. काकूच्या धाकट्याला गोवर निघाला होता आणि बाईंचाही इलाज चालला नव्हता.

"ती येईल माझ्याबरोबर," मी म्हटलं. "आम्ही दोघी येऊ."

बहेनजींनी बुलाव्याच्या यादीतून आमच्या लायनीचं नाव खोडलं. टांग्यातून येणाऱ्या त्या मुलींकडे मी बघितलं. त्यांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं.

मला तिचं वाईट करायचं नव्हतं, देवाशपथ. मी मनाशी ठरवलं होतं की रोज तिला घेऊनच जाईन. पहिल्या दिवशी गेले. काकूनं विचारलं, "बाई कुठायत?" खरं सांगायची हिंमत झाली नाही. "त्यांना दुसऱ्या वस्त्या दिल्यात," मी म्हटलं. "आपल्या लायनीत आता नाही येणार त्या." हे अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं माणसाला फार सोपं जातं. तिचं तोंड एकदम उतरलं. "मला सांगितलंसुद्धा नाही बाईंनी?" ती म्हणाली.

काकूनं त्या दिवशी आम्हाला तासभर उभं केलं. भांडी, पाणी, मग धाकट्याचं औषध. आम्ही पोचलो तेव्हा पहिला तास संपत आला होता. दोघींना वर्गाबाहेर उभं केलं, आणि सुटायच्या वेळी बाई नव्या वस्त्यांतल्या मुली घेऊन आधीच निघून गेलेल्या, त्यामुळे तिची त्यांच्याशी गाठ पडली नाही. दुसऱ्या दिवशी मी बाईंसारखं करून बघितलं. म्हटलं, आणा काकू, मी घासते भांडी. काकूला कसली लाज वाटायची? शेजारची पोर भांडी घासतेय तर घासू दे! तिनं मला अजून चार भांडी आणून दिली. माझ्या पोलक्याला राख लागली आणि शाळेत त्या मुली हसल्या. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाली, "दोन जवान पोरी मिलच्या फाटकावरून एकट्या जाणार? भोंगा झाला की शेकडो पुरुष सुटतात तिथून. बाई असेल तर पाठवीन, नाहीतर नाही. लोक माझ्या तोंडात शेण घालतील." माझी आई मला पाठवायची, कारण त्याच वाटेवर माझे बाबा ड्यूटीला असायचे. तिचे काका त्या वेळी झोपलेले असत.

चौथ्या दिवशी मी हाक न मारता गेले. ती दप्तर घेऊन दारात उभी होती. मी वहाणेचा अंगठा बघत असल्यासारखं केलं आणि पुढे सटकले.

शाळेच्या फाटकात बाई मुली मोजत उभ्या असायच्या. त्यांनी मला अडवलं. "तुझी जोडीदारीण कुठाय गं?"

"ताप आलाय तिला."

दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, अजून आहे. मग म्हटलं, मामाकडे देवासला नेलंय हवापालट करायला. बाई म्हणाल्या, "बरं केलं. अशक्त होती फार. आली की सांग, मी येऊन काकूला भेटते." मी मान हलवली. त्या माझ्यावर विश्वास ठेवत होत्या, कारण आजवर मी त्यांना कधी फसवलं नव्हतं. आणि त्यांच्यामागे आता चाळीस दारं होती. त्या घामानं डबडबून यायच्या आणि फाटकाला टेकून धापा टाकायच्या. एकदा वाटलं, सांगावं. पण मग विचारलं असतं, आधी का नाही सांगितलंस? रोज सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं, आणि असे चार-पाच आठवडे गेले.

मग आली चतुर्थी. इंदुरात लग्नाची पहिली पत्रिका खजरान्याच्या गणपतीला देतात; देवाला आधी बोलावणं, मग माणसांना. बाई चतुर्थीला खजरान्याला गेल्या होत्या. तिथं दर्शनाच्या रांगेत त्यांना काकू दिसली, हातात नारळ आणि कुंकू लावलेली पत्रिका.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाई आमच्या लायनीत आल्या. सुट्टीच्या दिवशी, पट्टा नाही, नुसत्याच. मी त्यांना लांबूनच बघितलं आणि घरात जाऊन दाराआड उभी राहिले. तिथून शेजारचा ओटा दिसत नव्हता, पण शब्द न् शब्द ऐकू येत होता.

बाई म्हणाल्या, "तुम्ही मला शब्द दिला होता, काकू. मिडल होईपर्यंत."

"शाळेत जाईल तोवर, असा दिला होता. महिना झाला, ती गेलीय का शाळेत?"

"ती आजारी होती ना? देवासला होती ना?"

"कोण म्हणतं? कुठलं देवास? घरात आहे ती, पोरं सांभाळतेय. तुम्हीच यायच्या बंद झालात."

  मग बाईंनी समजावायला सुरुवात केली. परीक्षा दोन महिन्यांवर आलीय, ट्रेनिंगमध्ये राहायला मिळतं, मी रोज स्वतः येऊन नेईन, शाळेनं नाही म्हटलं तरी येईन. शेवटी बाई काकूच्या पाया पडल्या. मी बघितलं नाही, पण काकू ओरडली, "अहो, काय करताय बाई, उठा! मोठ्या आहात तुम्ही!" आणि मग काकूही रडायला लागली. "तुम्ही चार दिवस आधी यायचं होतंत. काल गणपतीला पत्रिका वाहिली मी. देवाच्या पायावरून उचलून परत आणू का? माझी चार लेकरं आहेत हो."

  माणसाला दिलेला शब्द मोडता येतो, पण देवाला दिलेलं बोलावणं परत घेणारी बाई आमच्या लायनीत जन्मायची होती.

ती त्या दिवशी घरात नव्हती. केळवणाला म्हणून तिला कोणा आत्याकडे पाठवलं होतं. बाई आल्या होत्या हे काकूनं तिला सांगितलं नाही. नवरीचं मन कशाला चाळवा. मीही सांगितलं नाही. बाई परत जाताना आमच्या दारासमोर थांबल्या. वहाणांचा आवाज थांबला म्हणून मला कळलं. मग त्या गेल्या.

सोमवारी शाळेच्या फाटकात त्यांनी मला मोजलं आणि आत जाऊ दिलं. एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, सुटले.

लग्न झालं. तिचे काका स्वतःच्या पुतणीच्या वरातीपुढे वाजवत होते. मी मिडल पास झाले, आणि मोठ्या बहेनजींनी मला बोलावून सांगितलं की ट्रेनिंगची एक जागा शाळेच्या हातात आहे, अर्ज कर. ती जागा बाईंनी तिच्यासाठी धरून ठेवली होती. मी अर्ज केला. नाही कशाला म्हणेन? मला हवीच होती.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात ती बाळंतपणाला काकूकडे आली. मी दर रविवारी ट्रेनिंगमधून घरी यायचे. पहिल्या रविवारी मी तिला भेटायला गेले तेव्हा ती खाटेवर बसून लंगोट शिवत होती. मुलगी झाली होती, मूठभर. आणि तीही मूठभरच राहिली होती. सोळाव्या वर्षी गालांची हाडं वर आलेली. मला बघून मनापासून हसली. माझ्या ट्रेनिंगचं सगळं विचारलं. फळ्यावर लिहायला शिकवतात का, जेवायला काय असतं, खाटा असतात की खाली झोपता. मी सांगत होते आणि ती प्रत्येक गोष्टीला "बाई गं!" म्हणत होती.

मग शिवण बाजूला ठेवून म्हणाली, "एक विचारू? बाई माझ्यावर कशानं रागावल्या गं?"

"का?"

"त्यांनी मला सोडलंच ना एकदम. मी कितीतरी दिवस सकाळी दप्तर घेऊन बसायचे. वाटायचं, दुसऱ्या वस्त्या दिल्या तरी एखाद्या दिवशी येतील, आपली चौकशी करतील. नाही आल्या. मग म्हटलं, काकूचे गहू निवडून निवडून कंटाळल्या असतील. आपण काय त्यांच्या पोटच्या होतो?" ती हसली. "ज्यांनी एवढं केलं त्यांनाच आपलं ओझं झालं, म्हटल्यावर मग मला लग्नाचंसुद्धा काही वाटेना. म्हटलं, चला, कुठंतरी जायचंच आहे."

माझ्या जिभेवर आलं होतं. एक वाक्य होतं फक्त. 'बाईंनी नाही सोडलं, मी सोडलं.' बाळ रडायला लागलं, तिनं त्याला पदराखाली घेतलं, आणि मी म्हटलं, "येते मी, पुढच्या रविवारी बोलू."

ती सात आठवडे होती. शाळा चालत दहा मिनिटांवर, आणि बाई तिथंच होत्या. बुलाव्याचं काम आता बंदच केलं होतं, त्यांना पाणी भरायला लावलं होतं. दोघी एका हाकेच्या अंतरावर, आणि एकमेकींकडे जात नव्हत्या. आणि का जात नव्हत्या हे जगात फक्त मला ठाऊक होतं. दर रविवारी मी ठरवून जायचे आणि दर रविवारी दुसरंच काहीतरी बोलून यायचे. आठव्या रविवारी गेले तर खाट रिकामी. सासऱ्यांनी बुधवारीच येऊन नेलं, काकू म्हणाली. मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या मेलीच्या मनाला त्या क्षणी बरं वाटलं, आणि त्याची मला अजून किळस येते.

दिवाळीत मी बाईंच्या पाया पडायला गेले. शाळेच्या मागे त्यांची एक खोली होती. त्यांनी मला चकली दिली, स्वतः भिंतीला टेकून बसल्या आणि जराशानं म्हणाल्या, "ती बाळंतपणाला आली होती म्हणे. भेटायला नाही आली मला. मी रोज बघत होते फाटकाकडे. तुला काही बोलली का माझ्याबद्दल?"

तेव्हा मात्र माझा बांध फुटला. सगळं बोलले. वर्गातला हात, ताप, देवास, दाराआड उभी होते ते, ती काय म्हणाली ते. नाक पुसत पुसत, एका दमात. वाटलं, आता त्या मला हाकलून देतील. दिलं असतं तर बरं झालं असतं.

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. "त्या रविवारीच कळलं. हाताचं बहेनजींनी सांगितलं होतं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं तुला? तू चौदा वर्षांची होतीस. चौदाव्या वर्षी पोरी खोटं बोलतात, लाजेपायी काहीबाही करतात. त्यांचं खोटं धरायला तर मला ठेवलं होतं. वीस वर्षं दारं हिंडले मी. पोर महिनाभर येत नाही आणि मी दुसऱ्या पोरीच्या तोंडावर विसंबून राहिले! पाय दुखत होते माझे, म्हणून तुझं खरं मानलं. खरं मानणं सोयीचं होतं. माझी चूक आहे ती."

"नाही हो बाई, माझी."

"चूप. कार्ड आहे तुझ्याकडे? लिही तिला."

बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. एवढी वर्षं शाळेत काढली, पण कोणाला कधी ते सुचलंच नाही. मी कोपऱ्यावरून पोस्टकार्ड आणलं आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. त्या सांगत होत्या आणि मी लिहीत होते. 'पोरी, मी तुझ्यावर रागावले नव्हते. तुझा कंटाळा कधी आला नाही. मी यायला पाहिजे होतं, मीच आळस केला. यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही. मला माफ कर. तुझ्या मुलीला शाळेत घाल.'

"दुसऱ्या कोणाचा दोष नाही, हे कसं लिहू बाई?" मी विचारलं.

"मी सांगते तसं लिही. तुमची दोघींची मैत्री राहू दे. मी काय, आज आहे उद्या नाही."

मी लिहिलं. ट्रेनिंगमध्ये माझ्या अक्षराला बक्षीस मिळालं होतं. तशाच सुबक अक्षरात लिहिलं. बाईंनी खाली अंगठा उठवला आणि मी त्यापुढे त्यांचं नाव घातलं. कार्डावर अजून दोन ओळींची जागा होती. मी तिथं काही लिहिलं असतं तरी बाईंना ते कधीच कळलं नसतं, आणि तिला मात्र सगळं कळलं असतं. पेटीपाशी जाईपर्यंत मी ते कार्ड हातात धरून होते, पेनही जवळ होतं. मी ते तसंच पेटीत टाकलं.